स्मृतिभ्रंश आणि व्यायाम : काय साधतें, काय साधत नाहीं

वृद्धांची सेवा म्हणजे त्यांना एका जागीं बसवून सर्व कांहीं हातांत आणून देणें, अशी समजूत आपल्या घरांतून फार खोल रुजली आहे. "मामंजी, आपण उठूं नका, पाणी मी आणतें," हें सुनेच्या तोंडचें वाक्य तिच्या चांगल्या वळणाची खूण मानलें जातें. आणि निरोगी वृद्धाच्या बाबतींत त्यानें फारसें बिघडतही नाहीं, कारण तो थोड्या वेळानें आपण होऊन उठतोच. परंतु ज्याची स्मृति ढांसळूं लागली आहे तो वृद्ध आपण होऊन उठत नाहीं. त्याला बसविलें म्हणजे तो बसूनच राहतो. या वेळीं अशाच वृद्धांविषयीं, म्हणजे अल्झायमरच्या रोग्यांविषयीं, आणि त्यांच्याकडून करवून घ्यावयाच्या व्यायामाविषयीं लिहावयाचें आहे.

नांदेडहून हिंगोलीकडे जातांना वाटेंत कळमनुरी तालुक्यांतील आखाडा बाळापूर हें मोठें गांव लागतें. आखाडा म्हटला कीं आपणांस तांबडी माती आणि कुस्ती आठवते. पण त्या बाजूस शेतांतल्या गोठ्याच्या जागेलाही, जेथें बैल बांधतात, अवजारें ठेवतात, तिलाही आखाडाच म्हणतात. तेथील एखादें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. आजोबा निवृत्त शिक्षक. रोज पहाटे गांवांतून शेतांतल्या आखाड्यापर्यंत जाऊन येण्याचा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ. विसरण्याचा रोग जडला, एके दिवशीं वाट चुकली, कोणी ओळखीच्या माणसानें घरीं आणून पोंचविलें. त्या दिवसापासून दाराला कडी लागली आणि ओसरीवर खुर्ची आली. सहा महिन्यांत गुडघे आखडले, उठवावयास दोन माणसें लागूं लागलीं, दिवसा डुलक्या आणि रात्रभर येरझाऱ्या सुरू झाल्या. घरचे म्हणतात, रोग वाढला. रोग वाढला असेलही. परंतु त्या आखडलेल्या गुडघ्यांत आणि त्या उलट्या झालेल्या झोपेंत रोगाचा वाटा किती व खुर्चीचा किती, याचा हिशेब कोणीच करीत नाहीं. तो केला पाहिजे, कारण रोगाचा वाटा आपल्या हातीं नाहीं, खुर्चीचा आहे.

रोगाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. अलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०१ सालीं फ्रँकफर्ट येथील रुग्णालयांत एका पन्नाशीच्या बाईस तपासलें. ती १९०६ सालीं वारली, तेव्हां तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून त्यानें आपलें निरीक्षण त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथील सभेपुढें मांडलें. आणि १९१० सालीं क्रेपेलिननें आपल्या ग्रंथांत या रोगास त्याचें नांव दिलें. मेंदूंत विकृत प्रथिनें सांचतात आणि पेशी मरूं लागतात. बहुधा पहिला घाव पडतो तो नवीन आठवणी सांठविणाऱ्या भागावर. म्हणून सकाळीं काय जेवलों हें आठवत नाहीं. परंतु हातापायांना लागलेली संवय मेंदूच्या निराळ्या भागांत राहते, आणि ती बराच काळ टिकते. ज्या आजीला नातवाचें नांव सुचत नाहीं तिच्या हातीं सूप दिलें तर ती धान्य बिनचूक पाखडते, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. व्यायामाची सारी आशा या टिकून राहिलेल्या संवयीवर उभी आहे.

"साठी बुद्धि नाठी" ही म्हण मात्र विसरावी. हा वयाचा धर्म नव्हे, रोग आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें भारतांत साठीच्या पुढील लोकांपैकीं शेंकडा ७.४ जणांस स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें. त्यांतील बहुसंख्य घरींच असतात, आणि त्यांचें रुग्णालय म्हणजे त्यांची सून किंवा पत्नी.

आतां मुख्य प्रश्न. व्यायामानें स्मृति परत येते काय? सरळ उत्तर असें कीं, तसा पुरावा नाहीं. निरोगी वृद्धांच्या बाबतींत गोष्ट वेगळी आहे. १२० जणांच्या एका अमेरिकन प्रयोगांत, ज्यांनीं वर्षभर आठवड्यांतून तीनदां चालण्याचा व्यायाम केला त्यांच्या मेंदूंतील स्मृतीचा तो भाग शेंकडा २ इतका वाढला, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु रोग जडल्यावरचा अनुभव निराळा आहे. इंग्लंडमध्यें ४९४ रोग्यांकडून चार महिने चांगला जोराचा व्यायाम करवून घेण्यांत आला. त्याचा निष्कर्ष २०१८ सालीं बाहेर आला. अंगांत ताकद आली, पण बुद्धीचा ऱ्हास थांबला नाहीं, उलट किंचित् अधिकच दिसला. "अमुक आसन करा, स्मृति लख्ख होईल" असें सांगणाऱ्यांपासून म्हणूनच जपावें. खचलेल्या घराला अशी आशा विकणें मला क्रूरपणाचें वाटतें.

मग साधतें काय? फिनलंडमध्यें २१० रोग्यांवर प्रयोग झाला. हे सर्व आपापल्या घरीं, पति किंवा पत्नीच्या सोबतीनें राहणारे. कांहींच्या घरीं आठवड्यांतून दोनदां शिक्षक जाऊन तासभर व्यायाम घेई, असें वर्षभर चाललें. २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : स्वतःचें स्वतः करण्याची शक्ति सर्वांचीच उतरली, परंतु व्यायाम करणाऱ्यांची ती हळू उतरली, आणि त्यांचें पडणेंही कमी झालें. अमेरिकेंत सिॲटल येथें १५३ रोग्यांवर जो प्रयोग झाला (२००३), त्यांत रोग्याला व्यायाम आणि सांभाळणाऱ्याला शिक्षण, अशी जोड होती; त्यानें रोग्याची प्रकृति सुधारली व उदासपणाही कमी झाला.

हें लाभ लहान वाटतील. ज्या घरांत असा रोगी आहे त्या घराला ते लहान वाटणार नाहींत. आपल्या पायांनीं मोरीपर्यंत जाणारा सासरा आणि दोघांनीं उचलून न्यावा लागणारा सासरा, यांत सुनेच्या उभ्या दिवसाचा फरक आहे. आणि त्या वृद्धाच्या दृष्टीनें तर आपलें धोतर आपण नेसणें हा मानाचा प्रश्न आहे. नांवें विसरलेल्या माणसालाही मान कळतो.

आरंभ वैद्यापासून करावा. प्रत्येक विसरणें अल्झायमरचें नसतें. ब १२ जीवनसत्त्वाची उणीव, जी आपल्यासारख्या शाकाहारी घरांतून पुष्कळ आढळते, थायरॉइड ग्रंथीची मंदता, खोल उदासीनता, डोक्यास मार लागून आंत सांचलेलें रक्त, यांनींही माणूस विसराळू होतो. आणि यांवर उपाय आहेत. बाळापूरच्या ग्रामीण रुग्णालयांत रक्तदाब व साखर पाहून घ्यावी, आणि पुढील तपासणीसाठीं नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत एकदां जाऊन यावें. भ्रम एकाएकीं, दोन दिवसांत आला असेल, तर तो बहुधा जंतुसंसर्गाचा किंवा औषधाचा परिणाम असतो. तेव्हां थांबूं नये.

वैद्यानें होकार दिल्यावर पहिला आणि सर्वांत मोलाचा व्यायाम म्हणजे चालणें. वाट चुकते म्हणून चालणें बंद करूं नये, सोबत द्यावी. तीच वाट, तीच वेळ. खिशांत नांव, गांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. दहा मिनिटांपासून चढत अर्ध्या तासापर्यंत जावें. मराठवाड्याचा उन्हाळा लक्षांत घेऊन चैत्र-वैशाखांत सकाळीं आठाच्या आंत परतावें, आणि परतल्यावर पाणी आपण होऊन पाजावें, कारण या वयांत तहान कळत नाहीं. संध्याकाळीं ज्यांचा जीव कासावीस होतो, "घरीं चला" म्हणून जे स्वतःच्याच घरांत हट्ट धरतात, त्यांना चारच्या सुमारास, ऊन उतरतांच, पुन्हां एक फेरी द्यावी. पुष्कळदां रात्रही त्यानें शांत जाते.

दुसरा व्यायाम खुर्चीचा, म्हणजे तिच्यावरून उठण्याचा! भिंतीला टेकविलेल्या घट्ट खुर्चीवरून उठावें, क्षणभर उभें राहावें, सावकाश बसावें. प्रथम पांच वेळां, मग दहा. मांड्यांचें बळ यानेंच राहतें, आणि शौचास एकट्यानें जाणें त्या बळावर अवलंबून आहे. स्वयंपाकघराचा ओटा धरून टाचा उचलणें, एका पावलापुढें दुसरें ठेवून तोल सांभाळणें, हेंही त्याच वेळीं करावें; जवळ कोणी तरी उभें असावेंच.

औंधच्या पंतप्रतिनिधींनीं घरोघर पोंचविलेले सूर्यनमस्कार कित्येक आजोबा जन्मभर घालीत आलेले असतात. त्यांनीं मागितल्यास उभ्यानें हात वर घेण्यापर्यंत घालूं द्यावेत. डोकें खालीं जाणारे भाग गाळावेत, घेरी येते. ज्यांचें आयुष्य भजनांत गेलें, आणि नर्सी नामदेवाच्या या जिल्ह्यांत असे पुष्कळ, त्यांच्या हातीं टाळ द्यावा. "पाय उचला" म्हटल्यानें जें पाऊल उचलत नाहीं तें टाळावर पावली खेळतांना उचलतें. आजीसाठीं शेंगा निवडणें, लसूण सोलणें, कपड्यांच्या घड्या, हळदीची कुडीं वेगळीं करणें, हा बोटांचा व्यायाम. घडी वांकडी झाली तर तिच्यादेखत पुन्हां घालूं नये.

सांगण्याची रीत फार महत्त्वाची आहे. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी, आणि सांगण्यापेक्षां शेजारीं उभें राहून करून दाखवावी. "काल केलें होतें तें आठवतें ना?" हा प्रश्न कधींही विचारूं नये, नाहीं म्हणतांना त्यांना लाज वाटते आणि मग राग येतो. नको म्हणाले तर वाद घालूं नये, घटकाभरानें पुन्हां बोलवावें. छातींत कळ, धाप, घेरी किंवा गुडघ्यास सूज दिसली कीं तेथेंच थांबावें. ओली मोरी, निसरडा उंबरठा, पायांत घोटाळणारा काष्टा आणि रात्रींचा अंधार, एवढे चार शत्रू आधीं दूर करावेत.

आणखी एक गोष्ट कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. एकत्र कुटुंबांत दहा माणसें असतात, पण रोगी बहुधा एकाच सुनेच्या वांट्यास येतो. तिच्या दिवसांत व्यायामाची भर घालावयाची असेल तर हा लेख न वाचलेला बरा. सकाळची फेरी मुलानें न्यावी, संध्याकाळची नातवानें. खुर्चीचा व्यायाम दुसऱ्या सुनेनें घ्यावा. पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. जेथें माणसेंच नाहींत तेथें ज्येष्ठ नागरिकांसाठीं असलेल्या १४५६७ या शासकीय दूरध्वनीवर विचारपूस करतां येते.

पुढें एक दिवस चालणें थांबेल. त्यानंतरही सांधे आखडूं न देण्याचें काम राहतें. हात खांद्यापासून, पाय गुडघ्यापासून, दिवसांतून दोनदां, न दुखवितां, आपण हलवून द्यावेत. दर दोन तासांनीं कूस बदलावी. ही कृति पुस्तकावरून शिकूं नये. भौतिकोपचार जाणणाऱ्यास एकदां घरीं बोलावून ती पाहून घ्यावी, आणि पाहतांना पाळीचीं सर्व माणसें हजर असावींत.