उसनं पेन



मी आठवीत होतो. ऐन चाचणीत माझ्या पेनातली शाई संपली. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीतच बोलायचं, असा आमच्या सरांचा दंडक. मी उभा राहिलो आणि ऐटीत विचारलं, ‘‘सर, कॅन आय लेंड युवर पेन?’’

सर म्हणाले, ‘‘माझं पेन तू कुणाला देणार आहेस?’’

सगळा वर्ग हसला. पेन मिळालं, पण कान बराच वेळ गरम होते!

चूक कुठे झाली? मराठीत ‘उसनं’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. उसनं घेतात, उसनं देतातही. दिशा कळते ती ‘घेणे’ आणि ‘देणे’ यांवरून. इंग्रजीत मात्र दोन निराळी क्रियापदं आहेत. वस्तू आपल्याकडे येणार असेल तर ‘बॉरो’, आपल्याकडून जाणार असेल तर ‘लेंड’. म्हणजे मी ‘मे आय बॉरो युवर पेन?’ असं विचारायला हवं होतं. नाहीतर ‘विल यू लेंड मी युवर पेन?’ हेही चाललं असतं. कुणाकडून घेतलं ते सांगायला बॉरोबरोबर ‘फ्रॉम’ येतं : ‘आय बॉरोड इट फ्रॉम मीना.’ ‘बॉरो मी अ पेन’ असं मात्र लिहू नका, हमखास गुण जातील.

आता गंमत पाहा. आई शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर आणते. ती तर चहात विरघळून जाते, परत करतो ती दुसरीच साखर! तरीही ते बॉरोच. वाचनालयातून पुस्तक आणलं, तेही बॉरो. मराठीत ते पुस्तक ‘उसनं आणलं’ असं कुणी म्हणत नाही. पण वाण्याकडून उधारीवर आणलेला साबण? तो बॉरो नव्हे. साबण परत द्यायचा नसतो, पैसे द्यायचे असतात. त्याला ‘बाय ऑन क्रेडिट’ म्हणतात. ४२ मधून १७ वजा करताना आपण दशकाच्या घरातून एक घेतो ना, त्यालाही इंग्रजीत बॉरोच म्हणतात. तो मात्र कुणीच परत करत नाही.

भाषासुद्धा एकमेकींकडून शब्द बॉरो करतात. आपण टेबल घेतलं, पेन घेतलं. इंग्रजीनं आपलं मुंगूस नेलं आणि त्याचा ‘मंगूज’ केला. ‘गूज’ म्हणजे हंस, त्याचं अनेकवचन ‘गीज’. पण मंगूजचं ‘मंगीज’ होत नाही, ‘मंगूजेस’ होतं. मुंगसाचं हंसाशी नातं कुठलं असायला!