एका चित्राची चार मोले

पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचे ‘बागेतील स्त्रिया’ हे तैलचित्र आहे. उंची सुमारे अडीच मीटर, रुंदी दोन मीटर. मध्यभागी एक झाड, त्याच्या बाजूने वळत जाणारी वाट आणि सभोवती दाट हिरवाई. डावीकडे एक तरुणी जमिनीवर बसली आहे. तिच्या मांडीवर फुले आहेत, हातात छत्री आहे आणि शुभ्र झग्याचा घेर भोवती पसरला आहे. मागे उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीने फुलांच्या गुच्छात चेहरा लपवला आहे. चौथी उजवीकडे झाडाआड निघाली आहे. डावीकडील तिन्ही आकृतींना रूप दिले ते एकाच तरुणीने. ती एकोणीस वर्षांची कामिल, पुढे मोने यांची पत्नी झाली.

चित्राचा खरा विषय मात्र ऊन आहे. झाडाची सावली वाटेवरून सरकत शुभ्र झग्यावर येते. ती काळी नाही, निळसर आहे. उन्हातले तेच वस्त्र डोळे दिपवते. बसलेल्या तरुणीचा चेहरा छत्रीच्या छायेत असूनही खालच्या वस्त्रावरून परतणाऱ्या प्रकाशाने उजळला आहे. वस्त्र एकच, पण त्याचा रंग जागोजागी निराळा. हे टिपण्यासाठी १८६६ च्या उन्हाळ्यात मोने यांनी पॅरिसजवळील व्हील दाव्रे येथे हा प्रचंड फलक बागेतच उभा केला. वरच्या भागापर्यंत हात पोहोचावा म्हणून त्यांनी जमिनीत चर खणला आणि कप्पीने फलक खाली-वर करण्याची सोय केली.

या चित्राचे पहिले मोल झाले शून्य. १८६७ साली ‘सालाँ’ या सरकारमान्य प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले. रंगाचे फटकारे उघडे दिसणारे, कोणतीही कथा न सांगणारे एवढे मोठे चित्र त्यांच्या मापात बसले नाही. मोने तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. हाती पैसा नव्हता आणि घरी पहिल्या अपत्याची चाहूल होती.

दुसरे मोल केले फ्रेदेरिक बाझील या मित्राने. तो स्वतः उमेदवार चित्रकार होता. माँपेलिए येथील त्याचे घराणे सुखवस्तू, पण त्याचा खर्च वडिलांनी पाठवलेल्या पैशांवर चाले. त्याने हे चित्र २,५०० फ्रँकना घेतले आणि दरमहा ५० फ्रँक देण्याचे ठरवले. पन्नास महिन्यांची ही बांधिलकी होती. तिच्यात मदत होती, पण याचना करावी लागत नव्हती. घेणाऱ्याचा मान राखला जात होता. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितिकरण आहे. धर्ममार्गावर डळमळणाऱ्याला सावरावे, असा त्याचा अर्थ. मित्राला त्याच्या कामात टिकवून धरणारा हा हप्ता म्हणजे त्याच भावनेचे लौकिक रूप म्हणता येईल.

नोव्हेंबर १८७० मध्ये प्रशियाशी झालेल्या युद्धात बाझील मारला गेला. त्याला एकोणतिसावे वर्ष पुरे व्हायला काही दिवस उरले होते. वडिलांनी रणभूमी गाठून मुलाचा देह घरी आणला. चित्र कुटुंबाकडे राहिले.

तिसरे मोल १८७६ चे. पॅरिसमधील एका प्रदर्शनात वडिलांना मुलाचे व्यक्तिचित्र दिसले. त्यात बाझील चित्रफलकासमोर बसून काम करत होता. ते रेन्वार यांनी काढलेले आणि एदुआर माने यांच्या मालकीचे होते. वडिलांनी ‘बागेतील स्त्रिया’ माने यांना दिले आणि त्या बदल्यात मुलाचा चेहरा घरी नेला. पुढे ते मोठे चित्र मोने यांच्याकडे परत आले.

चौथे मोल १९२१ साली फ्रेंच सरकारने केले : दोन लाख फ्रँक.

परीक्षकांना उणीव दिसली, मित्राला गुण दिसला, सरकारला राष्ट्राचा ठेवा दिसला. पाहणाऱ्याची जागा बदलली की तीच वस्तू वेगळी दिसते, ही अनेकान्ताची शिकवण जैन घरांना नवी नाही. परीक्षकांची चूक उणीव पाहण्यात नव्हती, तर तेवढेच संपूर्ण सत्य मानण्यात होती. निळसर सावली आणि झळाळते ऊन एकाच वस्त्राची असतात, हे त्यांच्यासमोरच्या फलकावरच रंगवलेले होते.

व्यापारी नजर साहजिकच आकडे मांडेल. चोपन्न वर्षांत ऐंशीपट, म्हणजे दरसाल सुमारे साडेआठ टक्के चक्रवाढ. त्यातून महायुद्धानंतर घसरलेल्या फ्रँकची वजावट करावी लागेल. हिशेब चोख आहे. पण ज्याने पहिला हप्ता दिला त्याच्या वाट्याला यातले काहीच आले नाही, आणि १८७६ चा व्यवहार तर या हिशेबात मांडताच येत नाही. एका पित्याने अडीच मीटर उंचीचे ऊन देऊन मुलाचा चेहरा मिळवला. त्याच्या खतावणीत तो तोटा नव्हता.