मांडीवरचा प्रवासी

लहान मुलांना घेऊन सुट्टीला जाणे हा घरगुती विषय आहे, त्यात प्रशासनाचा काय संबंध, असे कोणी विचारील. मला तो संबंध फार जवळचा वाटतो. तान्हे मूल घेऊन निघालेले कुटुंब एकाच प्रवासात शाळेचे वेळापत्रक, रजेचे नियम, रेल्वेचे आरक्षण आणि लसीकरण अशा चार दारांतून जाते. या चारही खात्यांनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसते. त्यांची सांगड घालण्याचे काम बहुतेक घरांत मुलाच्या आईवर येऊन पडते.

हे मी बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत जवळून पाहिले. माझी भाची तेथे नीलाद्री रोडवर राहते. नवरा-बायको दोघेही नोकरीत, थोरली सहा वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा आणि आजी-आजोबा सोलापुरात. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत आखली, ती इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी. तेथे कामाला येणारी माणसे पुढे संसार थाटतील आणि त्यांच्या मुलांना आजोळी जावेसे वाटेल, हे कोणत्याच औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात नसते. आपल्याकडच्या वसाहतींच्याही नव्हते, म्हणून कर्नाटकाला वेगळा दोष देत नाही.

उटी किंवा कूर्ग तेथून काही तासांवर आहे. शनिवार-रविवारला एक दिवस जोडला की भागते. पण परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाची खरी सुट्टी म्हणजे गाव. शाळेत इंग्रजी, खेळताना कन्नड-हिंदी आणि आईबाबा थकून घरी आल्यावर मराठी, अशी त्या मुलीची विभागणी आहे. दिवसभर अखंड मराठी तिच्या कानावर पडते ते आजीच्या घरी. वर्षातले हे पंधरा दिवस चुकले तर त्यांची भरपाई दूरध्वनीवरच्या चित्रांनी होत नाही.

आता या पंधरा दिवसांचा हिशेब मांडू. कर्नाटकात राज्य मंडळाच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी साधारण १० एप्रिलच्या सुमारास लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात सुट्टी मेच्या आसपास सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे भावंडांची गाठ पडायची तर मे महिन्यातच, आणि मे महिना म्हणजे सोलापूरची चाळिशी ओलांडणारी भट्टी. आठ महिन्यांच्या बाळासाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. मग दिवाळीत जावे? कर्नाटकातली मोठी सहामाही सुट्टी दसऱ्याला असते. आपल्याकडे ती दिवाळीला. आपल्या घरी आकाशकंदील लागतात तेव्हा बंगळूरची शाळा पुन्हा सुरू होऊन बरेच दिवस झालेले असतात. कचेरीचे तसेच. कर्नाटकच्या १९६३ च्या कायद्याने १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी सक्तीची केली, तेथे ते योग्यच आहे. १ मे मात्र दोन्हीकडे सुट्टी; आपण तिला महाराष्ट्र दिन म्हणतो आणि ते कामगार दिन, एवढाच फरक.

रजेची गोष्ट थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने २००८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये १८० दिवसांची. खासगी कचेरीत काम करणाऱ्या भाचीसाठी कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरविलेले किमान माप होते वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. कंपन्या याहून अधिक देतात हे खरे, पण मुलाचा ताप आणि पाळणाघराची सुट्टी त्यातलीच रजा आधी खाऊन टाकतात.

खरा प्रश्न गाडीत आहे. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. १ मेला निघायचे तर २ मार्चला सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसायला हवे. दलालांना आळा घालण्यासाठी आणि नंतर रद्द होणारी आरक्षणे कमी करण्यासाठी हा बदल समजण्यासारखा आहे. मात्र रजा मंजूर होण्याआधी तिकीट काढणे आता बहुतेकांना भाग पडते.

त्याहून महत्त्वाचा बदल २१ एप्रिल २०१६ चा. तोपर्यंत पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला अर्ध्या भाड्यात पूर्ण बर्थ मिळत असे. त्या दिवसापासून बर्थ हवी तर पूर्ण भाडे, अर्धे भाडे भरायचे तर आईबाबांच्या बर्थवर कडेला निजायचे. खुर्चीच्या डब्यांत तर अर्ध्या भाड्याचा पर्यायच नाही. पाच वर्षांखालील मूल बर्थ न मागता फुकट जाते, ही सवलत कायम राहिली. रेल्वेचे म्हणणे असे की अर्ध्या भाड्यात पूर्ण जागा अडते आणि प्रतीक्षायादीतला प्रौढ माणूस राहून जातो. हिशेब चूक नाही. माहितीच्या अधिकारात २०२३ मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार सात वर्षांत या बदलाने रेल्वेला २,८०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळाले. त्याच उत्तरात आणखी एक आकडा होता: दहा कोटींहून अधिक मुलांसाठी पालकांनी पूर्ण भाडे भरून स्वतंत्र बर्थ घेतली, तर अर्ध्या भाड्याचा मार्ग सुमारे साडेतीन कोटी मुलांच्या वाट्याला आला. माझ्या मते हा आकडा उत्पन्नाहून अधिक बोलका आहे. सहा वर्षांचे मूल रात्रभर दुसऱ्याच्या बर्थवर मावत नाही, हे पालकांनी पैसे मोजून सांगितले.

गंमत अशी की त्याच २०१६ च्या फेब्रुवारीत रेल्वे अर्थसंकल्प मांडताना सुरेश प्रभूंनी स्थानकांवर बाळांसाठी गरम दूध, गरम पाणी आणि बाळाचे खाणे देण्याची घोषणा केली होती. जूनमध्ये 'जननी सेवा' नावाने ती काही स्थानकांवर सुरूही झाली. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून बाळासाठी छोटी घडीची बर्थ बसविण्यात आली. कल्पना उत्तम होती. पण अशा गोष्टी प्रयोग म्हणून येतात आणि मातृदिनाच्या छायाचित्रात राहून जातात. भाडेवाढ मात्र कधी प्रयोग म्हणून येत नाही.

आता मला सर्वांत खटकलेली बाब. रेल्वेत खालच्या बर्थचा एक राखीव कोटा आहे: शयनयानात डब्यामागे सहा-सात, वातानुकूलित तीन टियरमध्ये चार-पाच, दोन टियरमध्ये तीन-चार. तो ज्येष्ठ नागरिकांसाठी, ४५ वर्षांवरील महिलांसाठी आणि गर्भवतींसाठी आहे. म्हणजे पोटात मूल असेतो ही बाई नियमाला दिसते. मूल मांडीवर आले की ती तिशीची धडधाकट प्रवासी ठरते आणि संगणक तिला वरची बर्थ देऊ शकतो. ज्याने हा नियम लिहिला त्याचा हेतू वाईट नव्हता. अशा यादीत ज्यांची नावे कोणी आठवणीने घालते तेवढीच येतात, आणि मसुदा लिहिणाऱ्याच्या टेबलाशी तान्हे मूल घेऊन कोणी आलेले नसते.

यावर नातेवाइकांचे उत्तर ठरलेले: मुलांना कशाला हलवता, आजी-आजोबांनीच यावे. ज्येष्ठांना पुरुष असल्यास ४० आणि स्त्री असल्यास ५० टक्के सवलत मिळत असे. मार्च २०२० मध्ये ती थांबविण्यात आली. शिवाय सोलापूरची आजी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या अकराव्या मजल्यावर आठवडाभर रमते, मग तिला ओसरी आठवू लागते.

एक खाते मात्र मला निर्विवाद चांगले दिसले. धाकट्याची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस नेमकी प्रवासाच्या दिवसांत येत होती. राष्ट्रीय लसीकरणाचे वेळापत्रक देशभर एकच आहे आणि सरकारी केंद्रावर कोणत्याही गावच्या मुलाला लस मोफत मिळते. कर्नाटकातले 'तायी कार्ड' कन्नडमध्ये होते, पण रकान्यांचा क्रम आपल्या माता-बाल संरक्षण कार्डासारखाच. सोलापूरच्या परिचारिकेने ते पाहिले, लस टोचली आणि तारीख घातली. मूल कोणत्या राज्याचे, हा प्रश्न निघाला नाही. (सोलापुरात कन्नड वाचणारे मिळण्याची अडचण कधीच नसते, हेही खरे.) रेल्वेला जे जमत नाही ते आरोग्य उपकेंद्राला जमते, कारण तेथे नियमाचा आरंभच मुलापासून होतो.

भाचीने शेवटी बेत असा केला: मेचा पहिला आठवडा, रात्रीची उद्यान एक्स्प्रेस, थोरलीला पूर्ण तिकीट, सोलापूरव्यतिरिक्त दुसरे गाव नाही. तुळजापूर-पंढरपूर तिने निर्धाराने वगळले आणि त्यावरून घरी झालेली नाराजी सोसली. मला हे फार शहाणपणाचे वाटले. बाळाबरोबरच्या प्रवासात एकच मुक्काम असावा आणि दुपारची झोप कोणत्याही देवदर्शनापेक्षा मोठी मानावी. क्षार-संजीवनीची पाकिटे, तायी कार्ड आणि दोन दिवसांचे ओळखीचे खाणे हातपिशवीत. पूर्वी टॅक्सीने स्थानक गाठताना होसूर रस्त्यावरच जीव मेटाकुटीला येई. ऑगस्ट २०२५ मध्ये बोम्मसंद्र ते आर. व्ही. रोड ही १९ किलोमीटरची पिवळी मेट्रो सुरू झाल्यापासून एक बदल करून मॅजेस्टिकला उतरता येते, आणि रेल्वेस्थानक समोरच आहे.

खालच्या बर्थच्या कोट्यात दोन वर्षांखालील मूल बरोबर असलेल्या स्त्रीचा समावेश करावा, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी नवा डबा बांधावा लागत नाही, अनुदान लागत नाही, नवे प्रमाणपत्रही लागत नाही. आरक्षणाच्या अर्जात पाच वर्षांखालील बालकाचे नाव आणि वय लिहिण्याची सोय आधीपासूनच आहे. तो रकाना भरला जातो, साठवला जातो, आणि बर्थ वाटताना कोणी तो उघडून पाहत नाही.