त्याग म्हणू नका

बेंगळुरूतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून फौजदार झालो, तेव्हापासून सत्कार चुकवत फिरतो आहे. शाल, श्रीफळ आणि ‘लाखोंच्या पॅकेजवर पाणी सोडलं’ हे वाक्य, सगळं ठरलेलं.

पगार घटला, हे खरं. पण माणसाला रात्रभर कोठडीत बसवण्याचा अधिकार त्या कंपनीनं मला थोडाच दिला होता? एवढं हाती आल्यावर त्याला त्याग कसलं म्हणायचं! त्यागी माणसाला हिशेब विचारायला लोक कचरतात, आणि पोलिसाला तर तो विचारायलाच हवा. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली, ती त्याचसाठी. त्यांचं पुढं काय झालं, हे एकाही व्यासपीठावर कुणी विचारलं नाही.

माझ्या ठाण्यातला एक शिपाई शेतमजुराचा मुलगा. १६०० मीटर धावून भरती झाला. गणपतीत बंदोबस्ताला तो असतो, विसर्जनाच्या रात्री उभा असतो तोच. त्याला शाल नाही, कारण सोडायला त्याच्यापाशी पॅकेज नव्हतं. म्हणजे कौतुक वर्दीचं नाहीच, पगाराच्या आकड्याचं आहे. (आमच्या नातेवाइकांना तो आकडा अजून तोंडपाठ आहे.)

माझ्यासाठी काही करायचंच असेल, तर ठाण्यात तक्रार दिल्यावर एफआयआरची प्रत मागून घ्या. फिर्यादीला ती फुकट द्यावी, असा कायदाच आहे. मी टाळाटाळ केली, तर माझ्या वरिष्ठांकडे जा.