वॉटने वारा हरत नाही

मोटरसायकलवर चारशे वॉटचा अॅम्प्लिफायर बसवणं हा मूर्खपणा आहे. मी स्वतः तो बसवून झाल्यावर हे सांगतोय, त्यामुळे ‘तुला काय कळतंय’ हा प्रश्न बाद.

मी ऑस्टिनमध्ये राहतो, आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीत एका जुन्या स्ट्रीट ग्लाइडवर टेक्सासच्या हिल कंट्रीत भटकतो. अशा टूरिंग बाइकला पुढे मोठं फेअरिंग असतं आणि त्यात कारसारखा स्टिरिओ, दोन स्पीकर कंपनीतूनच बसवून येतात. गावात ते छान वाजतात. पण केरव्हिल सोडून आय-टेनवर पश्चिमेला निघालं की वेगमर्यादा ताशी ८० मैल, म्हणजे जवळपास १३० किलोमीटर. तिथे गाण्यातलं फक्त ‘गाणं चालू आहे’ एवढंच कळतं. मग सोबतचे अनुभवी भिडू एकच मंत्र देतात : वॉट वाढव.

मी वाढवले. प्रत्येक चॅनेलला २५ वॉट होते, तिथे १०० वॉटचा चार चॅनेलचा अॅम्प आणला. फेअरिंगमध्ये नवे स्पीकर, मागच्या सॅडलबॅगच्या झाकणात आणखी दोन. बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, फ्यूज टाकला, स्टिरिओचं इक्वलायझर नव्या स्पीकरसाठी बदलून घेतलं. दोन वीकेंड आणि बाराशे डॉलर गेले. गॅरेजमध्ये पहिलं गाणं लावलं तेव्हा छाती हलली. आय-टेनवर मात्र जेमतेम फरक पडला.

इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवलेल्या माणसाने हे आधी कागदावर करायला हवं होतं. डेसिबलचं गणित लॉगचं आहे. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, चौपट केली की ६. आणि आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. मी चौपट पैसे जाळून दुप्पटही आवाज मिळवला नव्हता. उलट ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर घेतला असता, तर तेवढंच काम अर्ध्या वॉटमध्ये झालं असतं. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात ते ‘मॅक्स पॉवर’. आरएमएस आणि सेन्सिटिव्हिटी बारीक अक्षरात असतात, आणि आपण मोबाइलचा कॅमेरा मेगापिक्सेलवर निवडतो तसा अॅम्प वॉटवर निवडतो.

त्यात शत्रू कोण, हेच आपण चुकीचं ओळखतो. मूळ स्पीकरचा दोष नव्हता, दोष वाऱ्याचा होता. हायवेच्या वेगात हेल्मेटच्या आतच वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि त्यातला बराचसा खालच्या फ्रीक्वेन्सीचा असतो. म्हणजे ज्या बेससाठी तुम्ही पैसे मोजता, तोच आधी गिळला जातो. शिवाय फेअरिंग ही काही घट्ट बंद पेटी नाही. स्पीकरच्या मागून निघणारी लाट पुढच्या लाटेला खोडते, बेस आणखी पातळ होतो.

आता खरा मुद्दा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी : ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. नुसत्या वाऱ्यानेच तुमचा दिवसाचा कोटा पेट्रोल पंप यायच्या आत संपतो. आणि गाणं ऐकू यायचं तर ते वाऱ्याच्या तोडीचं किंवा वर न्यायला लागतं. आपण शंभरावर आणखी शंभर रचतो आणि त्याला ‘अपग्रेड’ म्हणतो.

गेल्या वर्षी अशाच सहा तासांच्या राइडनंतर सांगलीहून आईचा फोन आला. ती दोनदा म्हणाली, “अरे, ऐकतोयस ना?” मी ऐकत होतो, पण डाव्या कानात शिट्टी वाजत होती आणि तिचे ‘स’, ‘श’ गळून पडत होते. शिट्टी तीन दिवसांनीही थांबेना म्हणून तपासणी केली. ऑडिओग्रामची रेघ ४००० हर्ट्झपाशी खाली घसरलेली, मोठ्या आवाजाने कान बिघडल्याची ओळखीची खूण. आतल्या कानातल्या मेलेल्या केसपेशी माणसात परत उगवत नाहीत. फर्मवेअर रोलबॅक नाही.

लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, गणपतीच्या मिरवणुकीत घरासमोर डीजेच्या भिंती लागतात, आजोबांच्या खिडक्या थरथरतात, म्हणून फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त चिडणारा मीच. आणि इथे सिग्नलला थांबल्यावर वारा बंद व्हायचा, माझं गाणं मात्र हायवेच्या आवाजात चालूच असायचं. शेजारच्या कारमधल्या बाईने काच वर घेतली, ते मला कौतुक वाटलं होतं.

“मग काय, संगीत सोडायचं?” अजिबात नाही. क्रम बदला. आधी विंडस्क्रीन : वाऱ्याचा झोत हेल्मेटवर आदळत असेल तर उंची बदलून बघा. मग फोमचे इअरप्लग, दोन डॉलरचे. ते वारा आणि गाणं दोन्ही कमी करतात, पण कान ठेचला जात नसल्यामुळे मला तरी शब्द जास्त स्वच्छ ऐकू आले. मग चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर आणि त्यांच्यामागे नीट बंद पेटी. वेगानुसार आवाज आपोआप कमी होण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. एवढं करूनही कमी वाटलं, तर अॅम्पचा विचार करा, तोही छोट्या.

माझा अॅम्प अजून बाइकवरच आहे, गेन अर्ध्याच्या खाली. शिट्टीही आहे, रात्री पंखा बंद केला की ऐकू येते. ‘कार्टमध्ये टाका’ दाबण्यापूर्वी एकदा इअरप्लग घालून तीच राइड, त्याच स्पीकरवर करून बघा. नाही पटलं तर बाराशे डॉलर तुमच्याकडेच आहेत.