उंबरठा आणि थ्रेशोल्ड

सांप्रत मराठीत जे ते उंबरठ्यावर येऊन उभे राहिले आहे. राष्ट्र महासत्तेच्या उंबरठ्यावर, साखर कारखाना दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर, कन्या तारुण्याच्या उंबरठ्यावर, आजोबा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर; आणि समारंभाच्या अध्यक्षीय भाषणात तर खुद्द मराठी भाषाच कसल्याशा नवयुगाच्या उंबरठ्यावर तिष्ठत असलेली ऐकू येते. एका लाकडावर एवढी गर्दी होऊनही ते मोडत कसे नाही, याचे आम्हांस नवल वाटते. वाचकांनी कोणताही अग्रलेख घेऊन बसावे. पहिल्या दोन परिच्छेदांत उंबरठा न आला, तर तिसऱ्यात तो खात्रीने आडवा येईल.

हा प्रयोग कोठून आला हे सांगण्यास भाषापंडिताची गरज नाही. इंग्रजीत ‘थ्रेशोल्ड’ असा एक शब्द आहे. दाराच्या चौकटीतील तळचे आडवे लाकूड किंवा दगड हा त्याचा वाच्यार्थ. लक्षणेने तो कोणत्याही आरंभास लागतो. नव्या शतकाच्या, नव्या शोधाच्या, नव्या आयुष्याच्या ‘थ्रेशोल्ड’वर माणूस उभा आहे असे इंग्रज लेखक म्हणतो, तेव्हा पुढचे पाऊल आत पडणार हे त्याने गृहीत धरलेले असते. शब्दाच्या पूर्वार्धाचा संबंध मळणीच्या, म्हणजे पायांखाली तुडविण्याच्या, क्रियापदाशी जोडतात. उत्तरार्धाविषयी पंडितांत एकमत नाही. घरात पसरलेला पेंढा बाहेर जाऊ नये म्हणून घातलेली आडकाठी ती थ्रेशोल्ड, ही गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते, पण कोशकार तिला थारा देत नाहीत. तिकडे नवरा मुलगा नववधूस उचलून उंबऱ्यापलीकडे नेतो. तिचा पाय त्या लाकडास लागूच द्यायचा नाही. पुढे मानसशास्त्रानेही हा शब्द उचलला. 1860 साली फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मनास जाणवणारी संवेदनेची किमान मर्यादा हा त्याचा एक शास्त्रीय अर्थ होऊन बसला. उंबऱ्यास लॅटिनमध्ये ‘लिमेन’ म्हणतात. जाणिवेच्या खालच्या गोष्टींस ‘सब्लिमिनल’ म्हणतात ते त्यावरूनच. सारांश, तिकडचा उंबरा ही वाटेवरची एक खूण आहे. अलीकडे एक स्थिती, पलीकडे दुसरी, आणि मधे कोणी अडविणारा नाही.

इंग्रजांनी आपल्या घरातून आपला अलंकार घडविला; त्यांना दोष देण्याचे आम्हांस कारण नाही. आमचा तंटा आहे तो त्यांचा अर्थ आमच्या लाकडावर आणून ठोकणाऱ्यांशी.

आमचे लाकूड कसे होते ते आधी पाहावे. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत एखादा पेशवाई धाटणीचा वाडा अजून उभा असला, तर त्याच्या दरवाजापाशी क्षणभर थांबावे. मोठा दरवाजा बहुधा बंदच असायचा. जाण्यायेण्यास त्यातली दिंडी. दिंडीतून जाणाऱ्यास मान वाकवावी लागे आणि पाय उचलावा लागे, आणि ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याचा सराव नसलेल्या पाहुण्याचे कपाळ तरी शेकत असे, नाही तर नडगी तरी. चौकटीच्या वरच्या अंगास गणेशपट्टी, दोन बाजूंस दोन खांब आणि त्या खांबांचे पाय धरून ठेवणारा खाली उंबरा. तो पावसाचे पाणी अडवी, विंचूकिरडू अडवी, आणि माणसेही अडवी. सकाळी त्याच्यासमोर सडारांगोळी होई, त्यास हळदकुंकू लागे. तिन्हीसांजा त्यावर बसू नये, असे घरातील वडील माणसे मुलांस बजावीत. हिरण्यकशिपूचा वध नरसिंहाने उंबऱ्यावर केला, कारण ती जागा ना घरात मोडते ना बाहेर, ही कथा तर पोराटोरांसही ठाऊक आहे. आमच्याकडेही नवरी उंबरा ओलांडते. परंतु तिला कोणी उचलून नेत नाही. धान्याने भरलेले माप आपल्या उजव्या पायाने लवंडून ती स्वतः चालत आत येते.

या लाकडापासून मराठीने जे वाक्प्रचार काढले, त्यांची जात पाहा. गावची वस्ती सांगताना चाळीस उंबऱ्यांचे गाव म्हणतात. येथे उंबरा म्हणजे अख्खे कुटुंब. कामासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. येथे उंबरा म्हणजे याचकाची पायपीट. घरच्या सुनेने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले, असे ज्या स्वरात म्हटले जाई, त्या स्वरातच साऱ्या आळीचा निवाडा ऐकू येई. यांपैकी कोठेही उंबरा म्हणजे पंचांगातील तारीख नाही. प्रत्येक ठिकाणी कोणी तरी माणूस उभा आहे, आणि त्याने आत यावे की बाहेर राहावे हे ठरविणारा दुसरा कोणी तरी आहे. संस्कृत शास्त्रकारांनीही याच जागेवरून एक सुंदर न्याय काढला. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घर उजळतो आणि अंगणही. त्याप्रमाणे वाक्यातील मधला एखादा शब्द मागच्या व पुढच्या अशा दोन्ही पदांस लागू पडतो, त्यास देहलीदीपन्याय म्हणतात. न्याय व्याकरणाच्या कामाचा खरा, पण त्याचा जन्म घरातला आहे. ‘महासत्तेच्या उंबरठ्यावर’ या प्रयोगाचा जन्म भाषांतरकाराच्या मेजावर झाला.

यावर कोणी म्हणेल, की भाषा दुसऱ्या भाषांपासून घेतच असते. मग एवढा त्रागा कशाला? घेण्यास आमची हरकत नाही. टेबल, स्टेशन, पेन्सिल हे शब्द आले, राहिले, मराठी झाले. त्यांच्या अंगावर परकेपणाची खूण होती आणि त्यांनी ती लपविली नाही. याच जिल्ह्यातील भगूर गावी जन्मलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली, दिनांक, महापौर असे शब्द घडवून रुळविले. त्या मोहिमेशी कोणाचे मत जुळो वा न जुळो, तिच्या पहारेकऱ्यांची नजर परक्या शब्दांवर होती. मराठी शब्दाचे कातडे पांघरून परका अर्थ आत शिरतो, त्यास त्या पहाऱ्यातही कोणी अडविले नाही. हा पाहुणा चोरट्या पावलांनी येतो आणि घरच्या अर्थास बाहेर काढतो. शिवाय गरज तरी काय होती? काळाची जवळीक सांगण्यास मराठीत शब्दांचा दुष्काळ नव्हता. दिवाळी तोंडावर येते, पाऊस पडण्याच्या बेतात असतो, माणूस मरणाच्या दारात असतो, मुलगी वयात येते, कारखाना बुडीत निघतो, आजोबांना पंचाहत्तरावे लागते. हे सारे सोडून सर्वांना एकाच लाकडावर उभे करण्यात लेखकाचा आळस दिसतो, आणि त्या आळसास इंग्रजी ऐटीचा वास आहे.

एवढ्यावरच गोष्ट थांबती, तर आम्ही ती शाळेतल्या मराठीच्या मास्तरांवर सोपवून मोकळे झालो असतो. परंतु हा प्रयोग नाशकात बसून वाचताना आम्हांस विशेष खटकतो, त्यास कारण आहे.

पंचवटीतील काळारामाचे मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधविले. काळ्या पाषाणाचे काम, भोवती उंच कोट आणि कोटास चार दरवाजे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या लोकांची मिरवणूक या दरवाजांपाशी आली. सुमारे 15,000 माणसे होती. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली, तेथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून चारी दरवाजांवर सत्याग्रही बसू लागले. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया होत्या. 9 एप्रिलला रामाचा रथ निघाला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून तो ओढावा असे ठरले होते. ते ठरणे मोडले आणि दगडफेक झाली. नाशिक जिल्ह्याचेच सुपुत्र भाऊराव, म्हणजे पुढचे दादासाहेब गायकवाड, यांनी ही चळवळ चालविली आणि ती 1935 पर्यंत चालली.

पाच वर्षे! आता ‘उंबरठ्यावर’ या शब्दाचा इंग्रजी अर्थ या माणसांस लावून पाहा. ती माणसे प्रवेशाच्या उंबरठ्यावर होती, असे आमचा अग्रलेखकार लिहील. व्याकरणाने वाक्य शुद्ध, अर्थाने धडधडीत खोटे. उंबऱ्यापाशी उभे असणे म्हणजे आत जाण्याच्या बेतात असणे, हे समीकरण ज्याच्यासाठी दार उघडेच असते त्याचे आहे. ज्याच्यासाठी ते बंद आहे, त्याला उंबरा हाच मुक्काम होतो. पंढरपुरास महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर बाहेर चोखोबाची समाधी आहे. नामदेवाची पायरी त्याच्या भक्तीची खूण म्हणून आपण दाखवितो. चोखोबा बाहेर का, हे मात्र पाहुण्यास आपणहून सांगत नाही. तेथील दार उघडण्यास 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यताच नष्ट केली.

इंग्रजी अलंकारात आणखी एक गोष्ट मुळीच बसत नाही, आणि ती या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. उंबऱ्यावरचा माणूस पाठ फिरवून निघूनही जाऊ शकतो. मंदिरप्रवेशाची चळवळ मूर्तिपूजेच्या ओढीने आरंभिली नव्हती, आपल्या लोकांस जागे करणे हा तिचा हेतू होता, अशा आशयाचे पत्र आंबेडकरांनी 1934 साली गायकवाडांस लिहिले. पुढे 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा निश्चय त्यांनी जाहीर केला. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास तो अमलात आणला. पाच वर्षे ज्या दारापुढे लोक बसले, ते दार पुढे कायद्याने उघडले. पण तोवर त्यांतील अनेकांच्या लेखी त्या आतल्या जागेची किंमतच उरली नव्हती. ‘थ्रेशोल्ड’ला एकच दिशा ठाऊक आहे. उंबऱ्याला दोन आहेत, हे देहलीदीपन्याय सांगणाऱ्या पंडितांस कळले होते. आम्हांस मात्र त्याचा विसर पडला.

आणि हे प्रकरण केवळ जुने झाले म्हणावे, तर तसेही नाही. त्र्यंबकेश्वराच्या गर्भगृहात स्त्रियांनी जावे की नाही, हा वाद 2016 सालीही पेटला होता. त्याच वर्षी 1 एप्रिलला शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1956 च्या कायद्याकडे बोट दाखवून, जेथे पुरुषांस जाता येते तेथे स्त्रियांस अडविता येणार नाही, असे सांगितले. कायदा साठ वर्षांचा झाला होता. उंबरा जागचा हलला नव्हता.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे, तर आमच्याच वर्गास दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. ‘मराठी स्त्रीने उंबरठा ओलांडला’ हे वाक्य आपण शिक्षणाच्या इतिहासात अभिमानाने लिहितो. कोणत्या स्त्रीने? कुणब्याची बायको मळ्यात जातच होती, सिन्नरची विडीकामगार बाई हातावर पोट घेऊन जगतच होती. त्यांचा उंबरा कोणी एवढा उंच केलाच नव्हता. तो उंच केला आपण, आपल्या माजघरांपुढे. तरीही या वाक्प्रचारास आमचा आक्षेप नाही. त्यात निदान एक पाऊल आहे, एक अडविणारा आहे. जब्बार पटेलांनी 1982 साली शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर चित्रपट काढला, त्यास ‘उंबरठा’ हे नाव दिले, ते अस्सल मराठी अर्थाने दिले. बाहेर पडणे सोपे नव्हते, आणि परत आल्यावर घर पूर्वीचे राहिले नव्हते, हे दोन्ही त्या एका शब्दात आले.

म्हणून लेखक-संपादकांस आमची विनंती फार मोठी नाही. निवडणूक जवळ आली असेल तर ती तोंडावर आली असे लिहावे. बँक बुडत असेल तर ती बुडत आहे असे लिहावे. ठेवीदारास ते अधिक लवकर समजेल. आणि कोणी कोठे खरोखरच उंबऱ्यावर उभा असेल, तर तो किती दिवस उभा आहे आणि दार आतून कोणी लावले आहे, हेही त्याच वाक्यात लिहावे.