कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना आपल्या पेढीत येऊ द्या

२०२१ च्या डिसेंबरात मी सुरतच्या एका सूत व्यापाऱ्याला तीन लाख ऐंशी हजार रुपये पाठविले आणि ते त्याला पोहोचलेच नाहीत. त्याच्याशी माझा अठरा वर्षांचा व्यवहार. बिल नेहमीप्रमाणे ई-मेलने आले होते. बिलावर त्याचे नाव, माझे नाव, सुताचा नंबर, गोण्यांची संख्या, सारे बरोबर होते. खाली एवढेच लिहिले होते की बँकेत ऑडिट चालू असल्यामुळे या वेळची रक्कम दुसऱ्या खात्यात भरावी. मुनीमजींनी भरली. आठ दिवसांनी सुरतहून तगादा आला तेव्हा कळले की ते पत्र त्याने लिहिलेलेच नव्हते. ई-मेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. तो मुनीमजींना दिसला नाही आणि चष्मा लावून मलाही दिसला नाही.

त्या वेळी अशा भरण्यात बँक खाते क्रमांक पाही, नाव जुळते की नाही हे पाहत नसे. पैसे भरण्याआधी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने नंतर बँकांना सांगितले. आमचे पैसे त्याच्या कितीतरी आधी गेले. आता १९३० हा फोन नंबर आहे आणि पहिल्या काही तासांत तक्रार केली तर रक्कम अडविता येण्याची शक्यता असते. आमचे आठ दिवस तर तगाद्याची वाट पाहण्यातच गेले होते.

परंतु आजचा विषय माझे नुकसान हा नाही. माझा पुतण्या त्या साली इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, कॉम्प्युटर शाखेत. मी त्याला बोलावून म्हटले, "बेटा, हे पत्र आले कुठून, एवढे पाहून सांग." त्याने मला अशा फसवणुकीची व्याख्या सांगितली, तिचे प्रकार किती तेही सांगितले. पत्र मात्र तो नुसता उघडून पाहत बसला. शेवटी म्हणाला, "चाचा, हे आम्हाला कुणी करून दाखविलेच नाही. लॅबमध्ये तयार प्रयोग असतात, ते जर्नलमध्ये उतरवायचे आणि सही घ्यायची."

मला त्याचा राग आला नाही. पंधरा दिवसांनी सुरतच्या व्यापाऱ्याच्या ओळखीतली एक मुलगी त्याच्या दुकानात आली. तीही विद्यार्थिनीच, पण कॉम्प्युटर सुरक्षेच्या स्पर्धांत भाग घेणारी. टपालाच्या पाकिटावर जसे पोस्टाचे शिक्के असतात, तसे ई-मेलच्या पोटातही ते कोणत्या सर्व्हरवरून कोठे गेले याचे शिक्के असतात. ते तिने वाचून दाखविले. मग त्याच्या मेलच्या सेटिंगमध्ये तिला एक नियम सापडला. आलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल परस्पर तिसऱ्याच पत्त्यावर जात होती. म्हणजे चोर कित्येक दिवस आमचा पत्रव्यवहार शांतपणे वाचीत बसला होता आणि मोठ्या बिलाची वाट पाहत होता. हे शोधायला तिला अर्धा तासही लागला नाही.

आमच्या धंद्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारावी हे पुस्तकात वाचून कुणी कारीगर झालेला नाही. उस्तादाच्या शेजारी उभे राहावे लागते, चार ठाणे बिघडवावी लागतात, बोलणी खावी लागतात. वैद्यकीय शिक्षणात हे केव्हाच मान्य झाले आहे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि त्याच्या जोडीला जे. जे. रुग्णालय उभे राहिले. गरीब रुग्णाला उपचार मिळतो, विद्यार्थ्याला हात मिळतो. नाडी न पाहिलेला डॉक्टर आपण चालवून घेणार नाही. मग खऱ्या दुकानाचा, खऱ्या दवाखान्याचा कॉम्प्युटर न पाहिलेला सुरक्षातज्ज्ञ आपण का चालवून घेतो?

अमेरिकेतील काही विद्यापीठांनी नेमका हाच धडा उचलला आहे आणि त्याला नावही क्लिनिक असेच दिले आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१८ मध्ये सिटिझन क्लिनिक सुरू केले. विद्यार्थ्यांना आधी कायदा व नीती शिकवितात. नंतर त्यांच्या लहान तुकड्या करून प्रत्येकीला एखादी सेवाभावी संस्था देतात. या संस्थांजवळ सुरक्षेवर खर्च करायला पैसा नसतो. विद्यार्थी त्यांच्या माणसांशी बोलतात, कोणती माहिती कोठे ठेवली आहे व ती कोणाला हवी असू शकेल हे मांडतात, मग संस्थेला झेपेल असा उपाय सुचवितात. हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्याचे गुण मिळतात. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीचे असेच क्लिनिक गावांच्या नगरपालिका व रुग्णालये तपासते. लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठाचे विद्यार्थी लहान दुकानदारांना मोफत मदत करतात. आपल्या दृष्टीने हे सर्वांत जवळचे उदाहरण. २०२१ मध्ये अशा क्लिनिकांचा एक संघ स्थापन झाला आणि २०२३ मध्ये गूगलने या कामासाठी दोन कोटी डॉलर जाहीर केले. गूगल काही धर्मादाय दुकान नाही. या विद्येची माणसे पुरेशी मिळत नाहीत, हे तिला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, हे तर दुरुस्तीचे काम झाले, विद्यापीठाचे काम संशोधन. पण चांगले संशोधनही बाजारात उतरूनच होते. २०११ मध्ये सॅन डिएगो व बर्कली येथील संशोधकांनी, त्यांत विद्यार्थीही होते, नको असलेल्या जाहिरातींच्या ई-मेलचा माग काढला. बनावट औषधे, नकली घड्याळे, चोरीची सॉफ्टवेअर विकणारी ती पत्रे. इतरांनी पत्रे अडविण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या. यांनी चक्क गिऱ्हाईक होऊन शंभराहून अधिक ऑर्डरी नोंदविल्या आणि पैसा कोणत्या बँकेत उतरतो ते पाहिले. पत्रे अब्जावधी, दुकाने हजारो, पण यांतल्या सुमारे ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्याच बँकांमार्फत वसूल होत होते. म्हणजे दाबायची नस तेथे होती. हा निष्कर्ष वाचून मला वाटले, हे संशोधन एखाद्या जुन्या दलालाच्या डोक्यातून निघाले असावे. कोणत्याही भानगडीत माल कोठे गेला हे पाहण्याआधी तो पैसा कोठे गेला हे पाहतो.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. कानपूरच्या आयआयटीत वीज व पाणी यांसारख्या यंत्रणांच्या सुरक्षेवर खास केंद्र आहे. केरळातील अमृता विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा बायोस नावाचा गट जगभरच्या स्पर्धांत नाव कमावून आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ २०१३ पासून पिकोसीटीएफ ही स्पर्धा विनामूल्य चालविते. त्यात मुद्दाम बनविलेली कुलपे फोडून शिकायचे असते, आणि घरी कॉम्प्युटर व इंटरनेट असेल तर आपल्या गल्लीतला मुलगा किंवा मुलगीही त्यात बसू शकते. पण ही कुलपे बनावट असतात. त्यापुढची पायरी खऱ्या दुकानाची, आणि ती आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बांधलेलीच नाही.

हाताने शिकण्यात धोकाही आहे आणि तो लपवून चालणार नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक आपोआप पसरणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला आणि सुमारे सहा हजार कॉम्प्युटर ठप्प झाले. त्या वेळी सारे इंटरनेटच साठ हजारांच्या आसपास कॉम्प्युटरांचे होते. त्याला न्यायालयाने तीन वर्षांची देखरेख, चारशे तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा दिली. पुढे तोच मॉरिस एमआयटीत प्राध्यापक झाला, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात परवानगीवाचून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणे गैर ठरविले आहे आणि हेतू वाईट असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून विद्यार्थ्याच्या हाती लेखी परवानगी हवी, सोबत जबाबदार प्राध्यापक हवा, आणि काय पाहायचे व काय पाहायचे नाही हे आधी ठरलेले हवे. एकट्या मुलाला "जरा बघ रे" म्हणून पाठविणे त्याच्यावर अन्याय आहे. मी माझ्या पुतण्याच्या बाबतीत तेच केले होते.

आता आपल्याविषयी. कॉलेजांना दोष देणे सोपे आहे, पण खरी अडचण आपल्या उंबरठ्यावर आहे. आपल्या वहीत परक्याने डोकावावे हे आपल्याला मानवत नाही. हिशोबाचे सॉफ्टवेअर पुष्कळ दुकानांत नकली कॉपीचे असते आणि मुले आली तर प्रथम तेच दिसणार. माझ्या पेढीत २०२३ पर्यंत विंडोज सेव्हन चालू होते. त्याची सुरक्षा दुरुस्ती कंपनीने जानेवारी २०२० मध्येच बंद केली होती. सर्व कामांना एकच पासवर्ड, तोही मुनीमजींच्या टेबलावर चिठ्ठीत. लाज वाटते, पण डॉक्टरसमोर खोकला लपवून काय साधते?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. दोन दिवसांच्या कारवाईत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतील एटीएममधून नकली कार्डांनी नोटा काढल्या गेल्या. मोठी बँक होती, तपास झाला, २०२३ मध्ये अकरा जणांना शिक्षाही झाली. आपले तीन-चार लाख गेले तर कोण तपासासाठी एवढा धावणार? त्या एका लाखाच्या, दोन लाखांच्या चोऱ्या कशा होतात याची नोंदही कोठे नीट नाही. प्रत्येक सत्रात एखाद्या कॉलेजच्या मुलांनी वीस दुकाने पाहिली, नावे गाळून नोंद ठेवली, तर चार-पाच वर्षांत जो कागद तयार होईल तो संशोधन म्हणून कोणत्याही विद्यापीठाने मागून घ्यावा असा असेल.

मी एका कॉलेजच्या विभागप्रमुखांना गेल्या वर्षी भेटलो. माणूस भला होता. त्यांनी चहा पाजला आणि विचारले की मुलांना गुण कोणत्या विषयात दाखवायचे. मी म्हटले, इंटर्नशिप तर तुम्ही देताच, त्यात दाखवा. ते म्हणाले, निदान पाच-सहा दुकाने तरी लेखी तयार असली तर पुढे बोलता येईल. माझे एक दुकान मी लिहून दिले आहे. दोन कॉम्प्युटर, एक जुना प्रिंटर आणि मुनीमजींची चिठ्ठी. बाजारातील चौघांना विचारले, दोघे हो म्हणाले आहेत. अजून दोन-तीन दुकाने हवी आहेत.